सहा महिन्यांनी काय बिघडतं?

‘बाईंना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली. आम्ही दोघं नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो. मोठी मुलगी पाचवीला आहे, धाकटा तीन वर्षांचा. सासरे होते तोवर मुलगी त्यांच्यापाशी राहायची. ते गेल्यापासून दोन वर्षं तिला बरोबरच नेतो, कारण सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं आणि पोरगी आता मोठी व्हायला लागली. उसाच्या फडावर ती धाकट्याला सांभाळते, माझा तेवढा हात मोकळा होतो. या वर्षी म्हणते, मी येणार नाही, मला शाळा बुडवायची नाही. आमचे मालक, पोरीचे वडील, म्हणतात, शाळेत नाव आहेच, आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, मग सहा महिन्यांनी काय बिघडतं? मला त्यांना उत्तर देता येत नाही. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालीय. दसऱ्यानंतर गाडी येईल. काय करू ते सांगा. — एक आई’

ताई, नमस्कार.

तुमच्या मालकांचा मला मुळीच राग आला नाही. त्यांनी जे तोंडावर विचारलं ते पुष्कळ शिकलेली माणसंही मनातल्या मनात म्हणत असतात. लग्नसराईत आठ दिवस, जत्रेला चार दिवस, मामाच्या गावाला गेलं की सोमवार-मंगळवार जोडून, आणि वर ‘प्राथमिकच तर आहे, त्यात काय एवढं’. तेव्हा आधी त्यांनाच उत्तर देते. हे त्यांना वाचून दाखवा, रात्रीची जेवणं झाल्यावर, घाई नसताना.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत, ही गोष्ट आता जुनी झाली. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली लागू झाला तेव्हा तसा नियम होता. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची मोकळीक राज्यांना मिळाली. आपल्याकडे २०२३-२४ पासून ती परीक्षा सुरू आहे. नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत आणखी एक संधी असते. त्यातही अडलं तर लेकरू त्याच वर्गात बसतं. तुमची मुलगी नेमकी पाचवीत आहे. परीक्षा वर्षाच्या शेवटी होते, म्हणजे ज्या महिन्यांत ती फडावर असते त्याच महिन्यांत शिकवलेलं तिला तिथं विचारणार.

‘शाळेत नाव आहेच’ हेही तपासून घ्या. पटावर नाव असतं, हे खरं. पण सरकारी व्याख्येत सलग महिन्याभराहून जास्त गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, मग पटावर त्याचं नाव कितीही ठळक असो. म्हणजे मागची दोन वर्षं दिवाळीपासून पुढं तुमची मुलगी कागदावर शाळेत होती आणि कायद्याच्या हिशेबानं शाळेबाहेर.

पण परीक्षा आणि कायदा बाजूला ठेवू. त्यांनी विचारलंय, बिघडतं काय. ते पाहायचं तर मुलीचं गेल्या वर्षीचं, चौथीचं गणिताचं पुस्तक घरात असेल ते काढा. माझ्या वर्गात कोयत्यावरची मुलं पुष्कळ असायची, आणि त्यांची पुस्तकं मला न बघता ओळखता यायची. पहिली निम्मी पानं कान मुडपलेली, तेलाचे डाग, कडेला पेन्सिलीनं केलेली वजाबाकी, मैत्रिणीचं नाव. मधे एक पान असतं, तिथं दिवाळीची सुट्टी लागलेली असते. त्यापुढची पानं कोरी करकरीत, कडेला अजून एकमेकांना चिकटलेली. तिसरीचं पुस्तक सापडलं तर तेही बघा. तेही तिथंच थांबलेलं असेल.

आता त्यातली खोच सांगते. आजारपणानं शाळा बुडते तेव्हा कधी पावसाळ्यातले आठ दिवस जातात, कधी उन्हाळ्यातले. भोकं पडतात, पण इकडं-तिकडं. कोयत्यावरच्या लेकरांचं तसं नसतं. त्यांचं दरवर्षी नेमकं तेच सत्र जातं. जूनला शाळेत आली की पुन्हा संख्या वाचन, पुन्हा बेरीज-वजाबाकी, आणि ती त्यांना बरी येते. मास्तरही म्हणतात, हुशार आहे. दिवाळीनंतर जे जे येतं ते मात्र त्यांनी कधीच पाहिलेलं नसतं. पाचवीच्या गणितात अपूर्णांक पहिल्या सत्रात आहेत आणि दशांश अपूर्णांक दुसऱ्या सत्रात. त्या टिंबावरच पुढं सहावीतली शेकडेवारी उभी असते, नफा-तोटा उभा असतो. टिंब कळलं नाही तर सहावीला ती पोरगी वर्गात बसून काय करणार? फळ्याकडं बघत बसणार.

मालकांना हे टिंब ओळखीचं आहे. साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी वजन होऊन आली की जी पावती मिळते तिच्यावर टनाच्या पुढं टिंब देऊन तीन आकडे असतात. अठरा टिंब सहा चार शून्य. ते सहाशे चाळीस किलो झाले की चौसष्ट, त्याचे पैसे किती, त्यातलं मुकादमाचं कमिशन शेकडा किती, उचलीतून किती फिटली, हे टोळीत किती जणांना लावता येतं, हे त्यांनाच विचारा. ज्याला येतं त्याच्याशी मुकादम कसा बोलतो तेही विचारा.

आणि एक हिशेब मी घातलाय. तुमची मुलगी २०२५-२६ या वर्षी पाचवीत आहे, म्हणजे तिची पहिली २०२१ साली सुरू झाली. ते करोनाचं वर्ष, आपल्या गावच्या प्राथमिक शाळा निम्म्याहून जास्त वर्ष बंदच होत्या. दुसरी तेवढी आजोबांच्या राज्यात नीट झाली. तिसरी निम्मी, चौथी निम्मी. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं कायद्यात आहे. त्या मापानं चार वर्षांत तिला धड अडीच वर्षांची शाळाही मिळालेली नाही. फडावर एक खाडा पडला तर मुकादम त्याचे पैसे कापतो आणि वहीत लिहून ठेवतो, म्हणून तुम्ही ताप अंगावर काढून उसात उतरता. शाळेतला खाडा कुणी कापत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. तोही साठतोच, फक्त वही दिसत नाही.

एवढं होऊनही ती म्हणतेय की मला शाळा बुडवायची नाही. ताई, हे ऐकून मी पत्र खाली ठेवलं. कारण बहुतेक लेकरं या टप्प्यावर उलट बोलतात. मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, गाडी गावात येते, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गाच्या दारात उभी राहते. आतून कुणीतरी म्हणतं, ‘आली का पाहुणी?’ कधी मुलं म्हणतात, कधी मास्तर. वाईट हेतूनं म्हणत नसतील, पण ती शेवटच्या ओळीत जाऊन बसते आणि वाचायची पाळी आली की चप्पल शोधायला बाहेर जाते. समजत नाही म्हणून यायचं टाळते, आणि येत नाही म्हणून आणखी समजत नाही. दोन-तीन वर्षांत तीच म्हणते, माय, मी तुझ्याबरोबरच येते. मग घरचे सांगतात, पोरीलाच शाळेची आवड नाही. तुमची पोरगी अजून त्या जागी पोचलेली नाही. म्हणून हे वर्ष महत्त्वाचं.

माझं मत स्पष्ट सांगते: तिला गावातच ठेवा.

आता खरी अडचण. तुम्ही ती पत्रात एका ओळीत उरकलीत, ‘माझा तेवढा हात मोकळा होतो’. मला वाटतं सगळा पेच तिथंच आहे. सासूबाईंचे डोळे, पोरीचं वय, ही कारणं खरी आहेत. पण मुलगी आली नाही तर फडावर धाकट्याकडं कोण बघणार, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. पहाटे चारला तुम्ही उसात, तो पाचटात झोपलेला, बाजूनं ट्रॅक्टर मागं-पुढं होतोय. तुमची भीती मला कळते. पण त्या भीतीचं उत्तर दहा वर्षांच्या पोरीकडं असू नये. टोळीत किती जोड्यांची लहान लेकरं आहेत ते आत्ताच मोजा. बऱ्याच टोळ्यांत एखादी वयस्क बाई बरोबर असते, जिला आता मोळ्या वाहणं झेपत नाही. चार-पाच घरांनी मिळून आठवड्याला ठरावीक पैसे आणि वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याच्या) पैशातला थोडा वाटा तिला दिला तर कोपीवर, तिथल्या झोपडीपाशी, सगळ्या लेकरांना ती धरून ठेवते. हे तोंडी ठरवू नका, मुकादमासमोर ठरवा. शिवाय कारखान्याजवळच्या गावात अंगणवाडी असते. तिथं स्थलांतरित लेकराचं नाव घालून घेतात, आहार मिळतो. गावच्या अंगणवाडीताईंना निघण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्याकडची नोंद तिकडं वळवता येते.

धाकट्याला मात्र सासूबाईंपाशी ठेवायचा विचार करू नका. ठेवलंत तर गावात राहूनही पोरीची शाळा बुडेल. म्हातारीला दिसत नाही, पोरगा अंगणात पळतोय, मग शाळेची घंटा झाली तरी ही उंबऱ्यातच. फड बदलेल, काम तेच राहील.

सासूबाईंच्या डोळ्यांचंही विचारते. कमी दिसतं म्हणजे नक्की काय, कुणी तपासलंय का? या वयाला पुष्कळदा मोतीबिंदू निघतो, आणि त्याची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते, चष्म्यासह. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तपासणी शिबिर कधी आहे ते त्या सांगतील. दसऱ्याला अजून वेळ आहे. पण शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे चुलीचा धूर, डोक्यावरून पाणी आणि जड उचलणं टाळावं लागतं, तेव्हा ते तुम्ही घरात असेपर्यंत उरकायला हवं. आपण पोरीच्या शाळेवर चर्चा करत बसतो आणि कधी कधी उत्तर आजीच्या डोळ्यात असतं.

आता गावातली सोय. तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हे चालतं आणि आपल्या जिल्ह्यात फार वर्षांपासून आहे. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं झोपायला आजी-आजोबांकडं किंवा चुलत्यांकडं जातात आणि जेवण शाळेत होतं. दुपारची खिचडी शालेय पोषण आहारातली, सकाळ-संध्याकाळचं वसतिगृहाचं. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. त्यासाठी कोणती कुटुंबं जाणार, त्यांची कोणती मुलं मागं राहणार, याची यादी आधी होते. ती यादी करताना तुम्ही गावात असता, पण ‘बघू, अजून ठरलं नाही’ असं सांगता, आणि नाव राहून जातं. तसं करू नका. आजच जाऊन सांगा की मुलगी मागं राहणार आहे, आणि संमतीच्या कागदावर मालकांची सही द्या.

एक मात्र अनुभवानं सांगते. मंजुरी आणि पैसे यांची गाडी तुमच्या गाडीच्या पुष्कळ मागून येते. तुम्ही दसऱ्याला निघालात आणि जेवण सुरू झालं डिसेंबरात, असं सर्रास होतं. मधल्या काळात पोरगी उपाशी राहते किंवा स्वतः चूल पेटवते, आणि तिथंच पहिली पंधरा दिवसांची शाळा बुडते. म्हणून निदान दोन महिन्यांचं पीठ-मीठ, डाळ-तेल सासूबाईंच्या हाती भरून जा. रेशनवरचं धान्य कोण आणणार, अंगठा कुणाचा लागतो, हेही बघून ठेवा.

मागं ठेवलेली पोर रोज शाळेत जातेच, असंही समजू नका. या गोष्टीकडं कुणाचं लक्ष नसतं. आई-बाप गेले की पोरगी घरातली बाई होते. टँकर आला, पाणी भर. बाजारचा दिवस, आजीबरोबर चल. चुलतीचं बाळंतपण, दोन दिवस मदतीला ये. शेळी व्याली, आज राहू दे शाळा. प्रत्येक कारण खरं असतं आणि प्रत्येक वेळी एकच दिवस जातो. महिन्याअखेर हजेरीपत्रक बघितलं तर तिच्या नावापुढं निम्मे दिवसही भरत नाहीत. निघण्याआधी सासूबाईंशी, चुलत सासऱ्यांशी बसून बोला. पाणी कोण भरणार, शेळ्या कोण बघणार, बाजाराला कोण जाणार. पोरीनं सकाळी एक घागर भरली, संध्याकाळी भाकरीला हात लावला तर काही बिघडत नाही. शाळेची वेळ मात्र कुणी मागायची नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा मालकांनी सांगितलं तर चुलते जास्त ऐकतील. आपल्याकडं तसंच आहे, काय करणार.

आणि फोनवर ‘शाळेत जाते का?’ असं विचारू नका. हो म्हणते, सगळीच म्हणतात. वर्गशिक्षकांचा नंबर घ्या आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकच विचारा: या महिन्यात शाळा किती दिवस भरली आणि ती किती दिवस होती? दोन आकडे. मालकांना हिशेब आवडत असेल तर हा हिशेब त्यांच्याकडंच द्या. मास्तर पहिल्यांदा चकित होतील, दुसऱ्या महिन्यापासून स्वतःच आकडा काढून ठेवतील. कोयत्यावरून बाप फोन करून हजेरी विचारतो, त्या लेकराकडं शिक्षकाचं लक्ष जरा जास्तच राहतं, हे मी शिक्षक होते म्हणून सांगते.

सरकारलाही हजेरीचं महत्त्व पटलेलं आहे म्हणा. दुर्बल घटकातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून उपस्थिती भत्ता आहे, दिवसाला एक रुपया. तेव्हा रुपयाला काही किंमत होती. तुमच्या मुलीला चौथीपर्यंत तो मिळाला असेल तर एवढ्या वर्षांत रुपयाचा रुपयाच राहिला, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

आता ती भीती, ‘पोरगी मोठी व्हायला लागली’. ती मी हलक्यात घेत नाही. रात्री ती कुठं झोपणार, संडासला जाताना कोण बरोबर असणार, घराच्या दाराला आतून कडी आहे का, हे तुम्ही डोळ्यांनी बघून ठरवा. शेजारच्या एखाद्या खमक्या बाईला सांगून ठेवा. नात्यातला असो की परका, कुणाचं वागणं खटकलं तर कुणाला सांगायचं ते पोरीला आधीच सांगा, आणि १०९८ हा नंबर तिच्या पाठ असू द्या. मुलांच्या अडचणीसाठी तो चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. पण फडावर ती जास्त सुरक्षित असते, हे मात्र मनातून काढा. उघड्यावरची कोपी, उघड्यावरची अंघोळ, रात्री-अपरात्री भरायला लागलेल्या गाड्या. तिथं काय काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

याच भीतीपोटी आणखी एक-दोन वर्षांत कुणीतरी स्थळ घेऊन येईल. ‘पोरीला मागं ठेवायची काळजी, बरोबर न्यायची काळजी, त्यापेक्षा उजवून टाका, एक कोयता, ऊस तोडणारी आणखी एक जोडी, वाढेल.’ तुमच्या तालुक्यात हे बोलणं नवं नाही. अठराच्या आत लग्न लावलं तर तो गुन्हा आहे, आणि लावणारे, ठरवणारे सगळेच त्यात येतात. पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा मी एवढंच म्हणेन की ज्या घरातली मुलगी रोज शाळेत जाते त्या घरात स्थळ आणणाऱ्याला आधी दहा वेळा विचार करावा लागतो. मधल्या सुट्टीत दिसली नाही तर मैत्रिणी विचारतात, बाई विचारतात. सहा महिने गावातच नसलेल्या मुलीची चौकशी कोण करणार?

पुढच्या जूनचा विचारही आत्ताच करा. सहावीपासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचा पर्याय आहे. मुलींसाठी निवासी शाळा, राहणं-जेवण-वह्यापुस्तकं मोफत, आणि आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत ती आहेत. शाळा बुडालेल्या, गरजू मुलींसाठीच ती काढलेली आहेत, तेव्हा अर्ज करायला संकोच नको. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहंही २०२१ मध्ये मंजूर झाली. तुमच्या जवळचं कुठलं सुरू आहे, कितवीपासून घेतात, जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. त्यासाठी ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागेल, ते ग्रामसेवकांकडून काढून घ्या. हे ओळखपत्र बाकीही कामाला येतं, पण लोक ‘नंतर बघू’ म्हणतात आणि गाडीत बसतात.

समजा एवढं सगळं करूनही जमलं नाही. सासूबाई आजारी पडल्या, चुलत्यांनी हात वर केले, आणि तिला न्यावंच लागलं. तर निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसवता येतं. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा तिला परत पाठवू शकत नाही, हे कायद्यात आहे. कुणी अडवलं तर तसं सांगा. पूर्वी कारखान्यांच्या आवारातच साखरशाळा भरायच्या. त्या पुढं बंद पडल्या, कारण नव्या कायद्यानं प्रत्येक मूल नेहमीच्या शाळेतच गेलं पाहिजे असं ठरलं. कागदावर ते योग्यच होतं. पण टोळी उतरते त्या अड्ड्यापासून शाळा तीन किलोमीटर, टोळी महिन्यात दोनदा हलते, आणि वर्गात बसलेल्या चाळीस मुलांत ही एक अनोळखी पोरगी. कार्ड खिशात असतं, पोरगी कोपीत. म्हणून मुकादमाला आधीच विचारा, कारखाना कुठला आणि अड्डा कुठं. सांगली-कोल्हापूरकडं असेल तर निदान भाषा एक. कर्नाटकात असेल तर जवळची शाळा कन्नड असण्याची शक्यता मोठी; सीमेवर मराठी शाळा आहेत, पण तुमच्या अड्ड्याजवळ असेलच असं नाही. तिकडं जाणार असाल तर तिला न्यायचा विचारच करू नका.

आणखी एक काम आहे, ते आजपासून दसऱ्यापर्यंतचं. तिच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि विचारा की हिला वाचता कितपत येतं, भागाकार येतो का. पाचवीत आहे म्हणून पाचवीचं येतं असं धरू नका. मागं राहिलेल्या मुलांना वयाच्या वर्गात बसवून मागचं भरून काढायला जादा शिकवायची तरतूद कायद्यात आहे, ती मागा. मास्तर कामाच्या ओझ्याखाली असतील, कुरकुरतील. तुम्ही शांतपणे पुन्हा विचारा. तुम्हाला स्वतःला वाचता येतं, रोज संध्याकाळी तिच्याकडून एक पान मोठ्यानं वाचून घेणं तुम्हाला सहज जमेल. फडावर गेल्यावरही फोनवरून जमेल, रेंज असेल तिथं. धाकट्यालाही ऐकवा.

हे सदर शिक्षकही वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. एप्रिलमध्ये दारात उभी राहिलेली मुलगी कुठून आली ते तुम्हाला माहीत आहे. तिला पहिल्या दिवशी वाचायला उभं करू नका, आणि ‘पाहुणी’ हा शब्द वर्गात दुसऱ्या कुणालाही वापरू देऊ नका.

ताई, क्रमानं सांगायचं तर या आठवड्यात मुख्याध्यापकांकडं जाऊन वसतिगृहाच्या यादीत नाव, पुढच्या आठवड्यात सासूबाईंची डोळे तपासणी, आणि मुकादम गावात येईल तेव्हा लेकरं सांभाळणाऱ्या बाईचं बोलणं. मुख्याध्यापक म्हणाले की या वर्षी वसतिगृह नाही, तर तोंडी ऐकून परत येऊ नका. गावातून जाणाऱ्या सगळ्या कुटुंबांच्या सह्या घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, किती मुलं मागं राहणार तो आकडा त्यात घाला, आणि पंचायत समितीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज कसा लिहायचा यावर अडलात तर मला कळवा, मी मजकूर पाठवते.